आमिषाच्या पेटीची कुळकथा

उल्हास, पेज आणि पाताळगंगा या तीन नद्यांच्या काठी, म्हणजे स्थूलमानाने आजच्या कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत, गळाने मासे धरणाऱ्यांची दोन कुळे एकाच पाण्यावर बसलेली आढळतात. त्यांतील एकापाशी पेटी असते आणि दुसऱ्यापाशी ती नसते, एवढ्या एका भेदात प्रस्तुत लेखाचा सगळा विषय सामावलेला आहे. पेटी ज्याच्यापाशी असते तो बहुधा मुंबई, ठाणे किंवा पनवेलकडून सुटीच्या दिवशी आलेला हौशी माणूस असतो, आणि त्याच्या त्या पेटीत पारदर्शक झाकणाखाली मऊ प्लास्टिकची गांडुळे, वळणदार शेपटीच्या मासोळ्या आणि पोकळ पोटाचे बेडूक रंगवार व आकारवार खाने पाडून ठेवलेले असतात. ज्याच्यापाशी पेटी नसते तो जवळच्या वाडीवरचा कातकरी किंवा ठाकर असतो. त्याचे आमिष त्याच काठाच्या ओल्या मातीत असते, आणि ते उकरून काढायला त्याला फार तर एक काटकी लागते.

या पेटी नसलेल्या कुळाची रीत आधी पाहणे क्रमप्राप्त आहे, कारण तेच वडील घराणे होय. मृगाचा पाऊस लागून ओढे नद्यांना मिळाले, की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध शेताखाचरांकडे चढू लागतात. या वळगणीच्या माशांसाठी तर आमिषाचीही गरज नसते, पाण्याची वाट ओळखून तिथे टोपली, जाळे किंवा नुसता हात धरला तरी पुरते. पुढे पाणी निवळले, वाम, शिवडा आणि मरळ आपापल्या डोहांत स्थिरावले, म्हणजे गळाचा हंगाम सुरू होतो. त्यासाठी गांडूळ, ओढ्यातली कोळंबी, फोडलेल्या खेकड्याचे मांस किंवा मळलेल्या पिठाची गोळी यांपैकी जे हाताशी असेल ते चालते. ते करवंटीत वा पानाच्या द्रोणात ओल्या मातीसह काही घटका टिकले की काम भागते, आणि संध्याकाळी जे उरते ते जिथून आले तिथेच परत जाते. आमिष आणि पाणी यांच्यामध्ये येथे अंतर असे पडतच नाही, म्हणून साठवणीचा प्रश्नही उद्भवत नाही. पेटीचा जन्म गरजेतून झाला हे खरे; पण ती गरज माशाची नव्हे आणि आमिषाचीही नव्हे, ती पाण्यापासून दूर राहणाऱ्या माणसाची होती, हे या कुळकथेचे मुख्य सूत्र आहे.

गळाची क्रीडा ही साहेबाने या देशात आणली, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात रूढ आहे. परंतु कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या प्रचंड ग्रंथात राजाच्या विनोदांची मोजदाद करताना मत्स्यविनोदाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि त्यात गळ, दोर, काठी आणि कोणत्या जातीच्या माशास कोणते खाद्य द्यावे, यांचा विचार शास्त्रीय बारकाईने केला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ज्या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख सापडतो, त्याच ग्रंथात गळाचे हे शास्त्र सापडावे, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष आस्थेची वाटावी अशी आहे. मात्र राजाचा खेळ झाला तरी त्याचे आमिष स्वयंपाकघरातले आणि ताजेच होते. राजा पाण्यापासून दूर राहत असला तरी त्याचे चाकर जवळ राहत, आणि अंतराचा भार त्यांच्या शिरावर पडे.

हा भार चाकरांच्या शिरावरून पेटीवर यावयास आगगाडी यावी लागली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा 1856 साली पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचला, 1863 मध्ये बोरघाटाची चढण खुली झाली, आणि मुंबईच्या माणसाला सह्याद्रीच्या पायथ्याचे गोडे पाणी एका दिवसाच्या टप्प्यात आले. तथापि त्या काळी हे पाणी बारमाही नव्हते. उन्हाळ्यात या नद्यांचे डोह तेवढे उरत. हे चित्र पालटले ते विसाव्या शतकात टाटांच्या जलविद्युत योजनांमुळे. घाटमाथ्यावरील तलावांत अडवलेले पाणी प्रचंड नळांतून खाली आणून त्यावर 1915 साली खोपोलीचे आणि 1922 साली भिवपुरीचे वीजघर चालू झाले, आणि यंत्रे फिरवून झाल्यावर सोडलेले तेच पाणी खोपोलीस पाताळगंगेला व भिवपुरीस पेज नदीला वर्षभर मिळू लागले. कर्जतच्या परिसरात राजनाल्याच्या काठी उन्हाळी भात उभे राहते ते याच पाण्यावर. मुंबईच्या गिरण्यांना आणि ट्रामगाड्यांना वीज पुरविण्यासाठी केलेल्या या खटाटोपाचे एक अनपेक्षित फळ असे, की चैत्र-वैशाखातही वाहत्या पाण्यात गळ टाकण्याची सोय या दोन तालुक्यांत झाली. त्याच योजनेच्या वळवण तलावावर 1970 च्या सुमारास महाशीर माशाच्या प्रजननाचे काम सुरू झाले, आणि डॉ. चिं. वि. कुलकर्णी व श्री. ओगले यांच्या संशोधनामुळे घाटमाथ्यावरील त्या केंद्राचे नाव मत्स्यशास्त्रात दुमदुमले.

दूर राहणाऱ्या या माणसाने आरंभी आपल्याबरोबर जे आणले ते मऊ नव्हते. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून हिंदुस्थानच्या नद्यांत गळ टाकू इच्छिणाऱ्या साहेबलोकांची मोठी सोय केली. त्यांच्या सरंजामात पिसांच्या कृत्रिम माश्या असत आणि धातूचे चमचे असत. चमच्याच्या आकाराचे हे चकाकते आमिष अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल याने 1852 साली पेटंट करून घेतले होते. पिसांच्या माश्या कातडी पाकिटात, फलालीनीच्या पानांमध्ये खोचून ठेवीत. त्यांचा शत्रू होता कसर, आणि म्हणून त्यांच्या शेजारी कापूर किंवा डांबरगोळी ठेवण्याचा रिवाज पडला. चमच्यांचा शत्रू होता गंज, म्हणून त्यांना तेलाचे बोट फिरवून कोरड्या फडक्यात गुंडाळीत. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी मिशिगनमधील जेम्स हेडन याच्या कारखान्यातून लाकडी मासे बाहेर पडू लागले. त्यांना प्रत्येकी दोन-तीन तिहेरी गळ लटकत, आणि असे दहा मासे एका पिशवीत टाकले की संध्याकाळी त्यांचा एकच गुंता हाती येई. प्रत्येकास वेगळे घर देणारी, खाने पाडलेली, उघडताच पायऱ्यांसारखे ताट वर येणारी लोखंडी पेटी जन्मास आली ती या गुंत्यामुळे. इथवर प्रत्येक पेटीने आपल्या आत ठेवलेल्या वस्तूचे बाहेरच्या जगापासून रक्षण केले. पेटीलाच आपल्या आतील वस्तूपासून रक्षण हवे, असा प्रसंग अजून उद्भवला नव्हता.

तो उद्भवला अमेरिकेतील ओहायो संस्थानातल्या ॲक्रन या शहरामुळे. रबराची राजधानी म्हणून गाजलेल्या या गावी बी. एफ. गुडरिच कंपनीत काम करणाऱ्या वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने 1926 साली पीव्हीसी नावाचा ठिसूळ, निरुपयोगी मानला गेलेला पदार्थ एका उकळत्या तैलसदृश द्रावकात विरघळवून पाहिला, आणि थंड झाल्यावर त्याच्या हाती आली ती वाकणारी, लवचिक, रबरासारखी वस्तू. पुढे तीच वस्तू रेनकोटांत, विजेच्या तारांच्या वेष्टनांत आणि स्नानगृहांच्या पडद्यांत जगभर गेली. त्याच ॲक्रन गावी 1949 साली निक क्रीम या गृहस्थाने आपल्या पत्नीच्या साहाय्याने, घरातल्या घरात, द्रवरूप पीव्हीसीचे मिश्रण तापवून, अस्सल गांडुळाच्या साच्यात ओतले, आणि मऊ प्लास्टिकच्या आमिषांचे सारे घराणे ज्याला मूळपुरुष मानते ते पहिले कृत्रिम गांडूळ तयार झाले. एकाच नगरात तेवीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांपैकी पहिलीचा इतिहास रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आहे. दुसरीचा मात्र गळ टाकणाऱ्यांच्या गोष्टींतच राहिला आहे. साठच्या दशकात टेक्सासच्या तलावांवर गळाचे टोक त्या गांडुळाच्याच पोटात दडविण्याची युक्ती निघाली, त्यामुळे झाडोऱ्यात न अडकता आमिष ओढता येऊ लागले, आणि मग या मऊ वंशाच्या विस्तारास सीमा उरली नाही.

आता या वंशाची नाजूक बाजू सांगितली पाहिजे. पीव्हीसी स्वभावतः कठीण असतो. त्याला मृदुत्व येते ते त्याच्या लांबलचक रेणूंच्या मधोमध शिरून बसणाऱ्या प्लास्टिसायझर नावाच्या तेलामुळे, आणि हे तेल मासे धरण्याच्या आमिषांत वजनाच्या निम्म्याहूनही अधिक असते. तेल रासायनिक बंधाने जखडलेले नसल्यामुळे ते एका जागी स्वस्थ बसत नाही. हळूहळू पृष्ठभागावर येते, आणि शेजारी जे सापडेल त्यात शिरते. शेजारी पॉलिस्टायरीनची पेटी असेल तर तिचा तळ मऊ, चिकट आणि ओघळलेला होतो. रंगवलेले शिशाचे डोके असेल तर त्याचा रंग सुटतो. कठीण प्लास्टिकचा मासा असेल तर त्याच्या अंगावर चट्टे पडतात. 1952 साली इलिनॉयमधील प्लॅनो या गावच्या कंपनीने लोखंडी पेटीच्या जागी साच्यातली प्लास्टिकची पेटी बाजारात आणली होती, आणि प्लास्टिकच्या पेटीत प्लास्टिकचे गांडूळ ठेवणाऱ्या असंख्य हौशी लोकांना काही आठवड्यांनी झाकण उघडल्यावर गांडूळ आणि पेटी यांचे अद्वैत झालेले पाहावयास मिळाले. मग नव्या पेट्यांवर ‘वर्म-प्रूफ’ असे शब्द झळकू लागले. अळीने पोखरू नये म्हणून नव्हे, तर अळीच्या अंगच्या तेलाने विरघळू नये म्हणून दिलेली ती ग्वाही होती.

ही ग्वाही देता आली ती दोन वस्तूंच्या बळावर. इटालियन रसायनशास्त्रज्ञ जूलिओ नाता यांनी 1954 साली पॉलिप्रोपिलीन सिद्ध केले, 1957 पासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले, आणि 1963 चे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल त्सीग्लर यांच्यासमवेत मिळाले. या पदार्थास प्लास्टिसायझरचे तेल सहसा बाधत नाही, म्हणून मऊ आमिषांची उत्तम पेटी आजही त्याचीच करतात. दुसरी वस्तू म्हणजे ओठ दाबून बंद होणारी पॉलिथिलीनची पिशवी. तिच्या बंदाची कल्पना डॅनिश संशोधक बोर्गे मॅड्सन याची, आणि डाऊ केमिकल कंपनीने 1968 साली ‘झिपलॉक’ या नावाने ती घरोघरी पोहोचवली. गृहिणीने उरलेल्या भाजीसाठी घेतलेली ही पिशवी मऊ आमिषांच्या कारखानदारांनी उचलली, आणि तेव्हापासून आमिष ज्या पाकिटात विकले जाते त्याच पाकिटात ते ठेवावे, हा आजच्या जाणकारांचा पहिला दंडक होऊन बसला. पेटीच्या या इतिहासात एक मौजेचे वळण असे आहे, की शंभर वर्षे खाने वाढवीत आलेली पेटी अखेरीस खाने काढून टाकून पाकिटे उभी लावण्याची रिकामी जागा होऊ लागली.

पण पाकिटे उभी लावली म्हणजे व्यवस्था झाली असे नव्हे. पेशवे दफ्तरातील कागद विषयवार रुमालांत बांधून प्रत्येक रुमालाची फिरिस्त ठेवण्यामागे जो विवेक आहे, त्याच विवेकाची येथेही आवश्यकता पडते. आणि वर्गीकरणाचा पहिला निकष रंग नव्हे, आकारही नव्हे, तर द्रव्य हा असावा लागतो. पीव्हीसीची आमिषे एका बाजूस. थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर नावाच्या, ओढल्यास हातभर ताणल्या जाणाऱ्या निराळ्या द्रव्याची आमिषे कटाक्षाने दुसऱ्या बाजूस, कारण ही दोन द्रव्ये परस्परांस टेकली की दोहोंचा चिखल होतो. आणि पाण्याचा अंश राखून केलेली, ‘गल्प’सारखी गंधयुक्त आमिषे तिसऱ्या बाजूस आपल्याच रसात बुडवून, कारण ती उघडी राहिली तर वाळून खडा होतात. द्रव्यानंतर रंगाचा विचार: काळ्या व तांबड्या आमिषांचा रंग पांढऱ्या व पारदर्शक आमिषांत उतरतो आणि पुन्हा निघत नाही. रंगानंतर गंध, कारण लसणाच्या अर्काचे आमिष ज्या पिशवीत राहिले तिच्यातील सारा परिवार लसणाचा होतो. सर्वांत शेवटी आकार. तरीही वळणदार शेपटी दुमडून ठेवू नये, कारण मऊ प्लास्टिक ज्या अंगाने निजते तेच अंग धरते, आणि मग कढत पाण्यात क्षणभर बुडवून ती शेपटी सरळ करण्याची खटपट पदरी येते. पिसांच्या काळापासून चालत आलेली डांबरगोळी तर या पेटीत चुकूनही टाकू नये. तिची वाफ पॉलिस्टायरीनला विरघळवते, आणि जुना रक्षक नव्या घराचा भक्षक ठरतो.

हे नियम समशीतोष्ण देशांत लिहिले गेले. कर्जत-खालापुरात त्यांना दोन स्थानिक कलमे जोडावी लागतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि आषाढ-श्रावणात हवेचा दमटपणा असा असतो की बंद कपाटातील कातडी पट्ट्यालाही बुरशी धरते. अनेक मऊ आमिषांत वजनासाठी व चवीसाठी मीठ कालवलेले असते; हे मीठ हवेतील पाणी ओढून घेते, आणि त्यांच्या पाकिटात जर कोणी गळ ओवलेलाच ठेवला तर चार दिवसांत तो तांबारतो. म्हणून मऊ आमिष आणि पोलादी गळ यांची घरे निराळी असावीत आणि घरी परतल्यावर वापरलेले आमिष गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत सुकवूनच पाकिटात जावे, हे पहिले कलम. दुसरे कलम उन्हाळ्याचे. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या आत तर त्याहूनही पुष्कळ वर. अशा मोटारीच्या काचेखाली ठेवलेली पेटी दुपारी उघडली तर आत गांडुळांची मोजदाद करता येत नाही, कारण त्यांचे एकच पिंड झालेले असते. पेटी नेहमी बैठकीखाली, सावलीत आणि शक्य तर कापडी पिशवीत ठेवावी.

स्थानिक माशांनीही या पेटीच्या आतील वाटणीवर आपला हक्क बजावला आहे. परदेशी पेटीत सर्वाधिक जागा गांडुळाला असते. या भागात ती बेडकाला द्यावी लागते, कारण येथे मऊ आमिषाचा खरा गिऱ्हाईक मरळ आहे. शेवाळाने आणि कमळवेलींनी भरलेल्या तळ्यात, हवेतील प्राणवायू घेण्यासाठी वरचेवर पृष्ठभागावर येणारा हा मासा पाण्यावरून उड्या मारणाऱ्या बेडकावर झडप घालतो. पोकळ पोटाचा प्लास्टिकचा बेडूक अंगालगत बसलेल्या दुहेरी गळामुळे झाडोऱ्यातूनही सरकतो, आणि माशाने तो दाबला की गळाची टोके उघडी पडतात. हे पोट एकदा दाबले गेलेले ठेवले तर दबलेलेच राहते, म्हणून बेडकाला पाकीट नव्हे, खोल खाना लागतो. याउलट रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या ठेक्याच्या तळ्यांतील मुख्य पीक असून त्यांना मऊ प्लास्टिकचे आकर्षण जवळजवळ नाही. त्यांच्यासाठी आजही पिठाची, पेंडीची आणि भुशाची गोळीच लागते, आणि हौशी माणसाच्या पेटीशेजारी पिठाचा एक साधा डबा मुकाट्याने उभा असतो. सोमेश्वराचे स्वयंपाकघर अजून बंद पडलेले नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

ज्या द्रव्यांची ही कथा आहे ती या भूमीला परकी उरलेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीमुळे रसायनी हे नावच या टापूला चिकटले; 1982 मध्ये पाताळगंगेच्या काठी रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला; आणि जवळच तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत फ्थॅलिक अनहायड्राइड हा पदार्थ तयार होतो, ज्यापासून पीव्हीसीला मऊ करणारी फ्थॅलेट जातीची तेले बनवितात. मऊ आमिषांचे कारखाने दूरदेशी असले, तरी त्यांच्या मृदुत्वाचे बीज या जिल्ह्यातही पेरले जाते. आणि तेलाने माखलेल्या त्या आमिषाला नदीत टाकणाऱ्याने आपण पाण्यात काय सोडतो याचा विचार करावा, असे सांगण्याचा अधिकार पाताळगंगेइतका दुसऱ्या कोणत्या नदीला असेल?

कातकऱ्याचे उरलेले गांडूळ मातीत परत जाते, तसे प्लास्टिकचे गांडूळ जात नाही. ते झाडोऱ्यात तुटून अडकते, तळाशी पडते, माशाच्या पोटात गेले तर तेथे पाणी शोषून फुगते. अमेरिकेतील मेन संस्थानाच्या विधिमंडळात 2013 साली मऊ आमिषांवर बंदी घालणारे विधेयक आले होते. त्याची परिणती बंदीत न होता अभ्यासात झाली, पण प्रश्न दप्तरी दाखल झाला तो कायमचा. तेव्हापासून जबाबदार माणसाच्या पेटीत एक नवा खाना दिसू लागला आहे, फाटलेल्या, शेपूट तुटलेल्या, गळावर टिकेनाशा झालेल्या आमिषांचा. हा खाना कोणत्याही कंपनीने पाडलेला नाही. एखादी रिकामी झिपची पिशवी त्या कामी पुरते. आमिष पाण्यापर्यंत सुखरूप न्यावे एवढ्यासाठी जी पेटी जन्मली, तिच्या अंगी पाण्यापासून ते परत आणण्याचे कामही आले आहे. पेटी नसलेल्या कुळाला हे काम कधी शिकवावे लागले नाही. त्यांच्या रीतीत ते आपोआप होत असे. पेटी असलेल्या कुळाने ते पत्करले तरच, एकाच काठावर त्या दोघांच्या शेजारी शेजारी बसण्याला काही न्याय राहील.